फाटकाच्या आत अनघा मिस

“ती निळ्या रिबिनीची बघ. ती कधीच रडत नाही.”

फाटकाशी उभी असलेली एक आई दुसरीला हिंदीत सांगत होती. सांगता सांगता ती स्वतःच्या मुलाची बोटं गजांवरून सोडवत होती, त्यामुळे आवाजात कौतुक होतं आणि थोडा रागही. मग तिने फाटक धरून उभ्या असलेल्या मिसला विचारलं, “मिस, इसकी मम्मी इसको क्या खिलाती है? पूछके बताइए ना.”

“पूछती हूँ,” मिस म्हणाली आणि त्या रडणाऱ्या मुलाला तिने कडेवर घेतलं.

निळ्या रिबिनीची मुलगी पायरीवर बसून बूट काढत होती. तिचं नाव रेवा, आणि ती या मिसचीच मुलगी होती. मी पलीकडे मुलांच्या हातांवर सॅनिटायझर घालत होते. मी अनघाताईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कडेवरच्या मुलाच्या पाठीवर ती हलक्या हाताने थापटत होती आणि त्याच्या कानात मराठीत म्हणत होती, “रडून घे. मग सांग काय झालं ते.”

कोलकात्याच्या न्यू टाउन भागातल्या त्या प्लेस्कूलमध्ये मी सहायक शिक्षिका होते. माझा जन्म कोलकात्यातला, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि मराठी म्हणजे घरात आईबाबांशी बोलायची भाषा. त्यांच्याव्यतिरिक्त कुणाशी मराठीत बोलायची वेळ आली की मी वाक्य आधी मनात जुळवून घ्यायचे. अनघाताई कराडहून आलेली. पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून तिने पँट्रीत मला गाठलं, पाच मिनिटं बोलली, मी दिलेली दोन-तीन उत्तरं ऐकली आणि म्हणाली, “तुझं मराठी कपाटातल्या साडीसारखं आहे गं, ईशा. चांगलं आहे, पण घडी मोडलेली नाही.” मग लगेच, “माझ्या इंग्रजीचं उलटं आहे. वापरून वापरून विटलंय. तू माझं धू, मी तुझं नेसवते.”

ती बुटकी आणि भरभर चालणारी होती. बोलताना केसांची क्लिप दातांत धरायची, त्यामुळे तिची निम्मी वाक्यं दातांतूनच यायची. मुलांना टोचू नये म्हणून मंगळसूत्र एप्रनच्या आत सरकवलेलं असायचं. बंगाली तिला येत नव्हतं, पण त्याचा तिला संकोचही नव्हता. हिंदी शब्दांना ओकार लावून ती ऑटोवाल्यांशी भांडायची आणि जिंकायची. वर्गात घाई झाली की मात्र तिच्या तोंडून मराठीच निघायचं. दोन महिन्यांत आमच्या वर्गातली सगळी बंगाली आणि मारवाडी मुलं रांगेत उभी राहताना एकमेकांना “चला, चला” म्हणू लागली होती. एका आजोबांनी मला विचारलं की हा कुठल्या गाण्यातला शब्द आहे का. मी अनघाताईला सांगितलं तर ती म्हणाली, “बिर्याणीत बटाटा घालणाऱ्या लोकांना मी एक शब्द दिला, तर काय बिघडलं?”

रेवा तिच्यासोबत शाळेत यायची, कारण तिला ठेवायला दुसरी जागा नव्हती. महेश, अनघाताईचा नवरा, खिदिरपूरला एका क्लिअरिंग एजंटकडे कंटेनर उतरवून घेण्याच्या कामावर होता. जहाज लागलं की तो जायचा, आणि यायची वेळ त्यालाही ठाऊक नसायची. पगारही तसाच, कधी वेळेवर, कधी नाही. म्हणून डमडमच्या दोन खोल्यांचं भाडं अनघाताईच्या पगारातून जायचं. मुलं सांभाळायला बाया पुरवणाऱ्या आया सेंटरमधून बाई ठेवायची तर तिला जो पगार द्यावा लागला असता तो अनघाताईच्या पगाराहून जास्त होता. गल्लीतली अंगणवाडी खिचडी वाढून सकाळीच बंद व्हायची. खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीने रेवाला काही दिवस सांभाळलं. संध्याकाळी आणायला गेलं की पोरगी टीव्हीसमोर तशीच बसलेली, जशी सकाळी ठेवली होती. प्लेस्कूलमध्ये शिक्षिकांच्या मुलांना फी माफ होती. अनघाताईने ही नोकरी धरली ती त्यासाठी.

“मी कामाला येते म्हणून तिला कुठेतरी ठेवावं लागतं,” ती एकदा म्हणाली, “आणि तिला ठेवता यावं म्हणून मी कामाला येते. यात मी नक्की काय करते ते मला कळत नाही. पण सध्या चाललंय.”

‘सध्या चाललंय’ हे तिचं नेहमीचं उत्तर. कशी आहेस, महेशदादा कसे आहेत, रेवाचा खोकला कसा आहे, सगळ्याला तेच.

फीमाफीसोबत एक नियम होता. त्याआधीच्या वर्षी एका मिसचा मुलगा दिवसभर तिचा पदर सोडत नसे, आणि बाकीच्या पालकांनी तक्रार केली होती की मिस फक्त आपल्याच मुलाकडे बघते. तेव्हापासून आमच्या सेंटर हेड शर्मिला मॅडमनी ठरवून टाकलं: शिक्षिकेचं मूल दुसऱ्या वर्गात बसेल, आणि शाळेच्या आवारात आईला आई म्हणणार नाही. इतर मुलांसारखं मिसच म्हणेल. पालकांसमोर तर त्याचा उल्लेखही नको. मॅडम काही दुष्ट नव्हत्या. नियम सांगताना त्यांनी अनघाताईचा हात हातात घेतला होता, असं तिनेच मला सांगितलं.

अडीच वर्षांच्या मुलीला हे शिकवायचं कसं? अनघाताईने त्याचा खेळ केला. आम्ही एकाच बसने यायचो, त्यामुळे तो मी रोज पाहिला. बसमध्ये रेवा तिच्या मांडीवर. उतरायची वेळ आली की कंडक्टर ड्रायव्हरला ओरडून सांगायचा, “आस्ते लेडीज, कोले बाच्चा,” म्हणजे बाई उतरतेय, कडेवर मूल आहे, सावकाश. खाली उतरल्यावर रेवा कडेवरच, फळवाल्याच्या गाडीपर्यंत. तिथे अनघाताई तिला खाली ठेवायची, पिशवीतून पिवळा एप्रन काढून घालायची आणि अगदी वेगळ्या, वरच्या पट्टीतल्या आवाजात म्हणायची, “गुड मॉर्निंग, रेवा.”

“गुड मॉर्निंग, अनघा मिस,” रेवा म्हणायची. मग हात न धरता दोघी फाटकापर्यंत चालत जायच्या.

परतताना त्याच गाडीपाशी एप्रन निघायचा. रेवा तोपर्यंत थांबायची. एप्रन डोक्यावरून पूर्ण निघाला आहे याची खात्री करून घ्यायची आणि मग “आई” म्हणून दोन्ही हात वर करायची. फळवाला हे बघून हसायचा. एखाद्या दिवशी तो पेरूची फोड द्यायचा. पहिले काही दिवस मलाही तो खेळच वाटला.

सरस्वतीपूजेच्या दिवशी इथे लहान मुलांची हातेखोडी असते. देवीसमोर मूल आईच्या मांडीवर बसतं, पुरोहित त्याचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढून घेतात, आणि मगच त्याचं शिक्षण सुरू झालं असं मानतात. आमच्या शाळेत हा मोठाच कार्यक्रम असायचा. मुलींना पिवळ्या साड्या, मुलांना धोतरं, आणि फोटोवाला सकाळपासून हजर. रेवाची साडी अनघाताईने स्वतःच्या ओढणीतून बेतली होती. रेवाला मांडीवर घ्यायला महेश येणार होता. त्याला रजा मिळाली होती, आणि त्याचा शर्ट आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवला होता. सकाळी गोदीवरून फोन आला. जहाज आधीच लागलं होतं.

अनघाताई मॅडमकडे गेली. मी दाराशी फुलांची टोपली घेऊन उभी होते.

“मॅम, मैं पाँच मिनट बैठ जाऊँ? महेश नहीं आ पाए.”

“अनघा, आज सारे पेरेंट्स हैं,” मॅडम म्हणाल्या. “आज ही के दिन? ईशा बैठ जाएगी ना.”

म्हणून मी बसले. रेवा माझ्या मांडीवर. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता आणि साडी कमरेवर सेफ्टी पिनांनी घट्ट बसवली होती. अनघाताई रांगेतून तबक घेऊन फिरत होती, एकेका मुलाच्या ओंजळीत फुलं ठेवत. रेवाचं लक्ष पाटीकडे नव्हतं. तिने मान वळवून मला हळूच विचारलं, “ईशा मिस, ती मिस पण इथे बसेल?”

मी म्हटलं, “तिला काम आहे.”

अनघाताई आमच्यापाशी आली. बाकीच्या मुलांच्या ओंजळीत ठेवली तितकीच फुलं तिने रेवाच्या ओंजळीत ठेवली आणि शेजारच्या मुलाकडे वळली. पुरोहितांनी रेवाचा हात धरून ‘अ’ काढला. फोटोवाला मला म्हणाला, “मम्मी, थोड़ा इधर देखिए.” पुढे तो फोटो शाळेच्या फेसबुक पानावरही आला. त्यात मी आणि रेवा, आणि कडेला पिवळ्या एप्रनचा एक कोपरा.

दुपारी खिचडी वाढून झाल्यावर मागच्या नळावर ती पाट्या धूत होती. मी मदतीला गेले. दोन-तीन पाट्या तिने घासून बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, “हात घट्ट धरला होता का तिने?”

“हो.”

“आमच्याकडे दसऱ्याला पाटी पुजतात. तेव्हाही महेशची ड्युटी होती. म्हटलं आता इथलीच रीत करू, सगळे एकत्र तरी असू.” तिने पाटी उलटी करून पाणी निथळलं. “असो. अक्षर तर आलं.”

त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी बसमध्ये रेवा अनघाताईच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. एरवी ती खिडकीबाहेरच्या बसचे रंग मोठ्याने सांगत यायची. मी तिच्या पायाला हात लावला. तापलेला होता.

“औषध दिलंय,” अनघाताई म्हणाली. “उतरेल. काल रात्रीपासूनच आहे. महेश गोदीवर, आणि माझ्या रजा तिच्या मागच्या तापातच संपल्या. आता बिनपगारी घ्यायची तर भाडं राहतं.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, “मला कळतं गं. दुसऱ्या कुणी असं पोर आणलं तर मीच फाटकातून परत पाठवते.”

फळवाल्याच्या गाडीपाशी तिने एप्रन घातला. रेवाने डोळे अर्धवट उघडून “गुड मॉर्निंग, मिस” म्हटलं.

ताप उतरला, आणि जेवणाआधी पुन्हा चढला. मधल्या वेळात ती मुलांबरोबर खेळली, त्यांच्याच पेल्यातून पाणी प्याली. त्या आठवड्यात तिच्या वर्गातली आणखी चार मुलं आजारी पडली, एकाला दवाखान्यात ठेवावं लागलं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारणा सुरू झाली. कुणाच्या तरी लक्षात आलं की निळ्या रिबिनीच्या मुलीला त्या दिवशी ताप होता. आणि मग कुणाच्या तरी हेही लक्षात आलं की ती कुणाची मुलगी आहे.

मॅडमनी अनघाताईला बोलावलं. मी शेजारच्या खोलीत रंग भरलेले कागद दोरीवर अडकवत होते. मधली भिंत प्लायची होती.

“मैं क्या करूँ, अनघा? तुम बताओ. एक बच्चा सेलाइन पर था.”

प्लायपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तुम्हारी नौकरी के लिए मैंने ऊपर बात की है. तुम रहो. लेकिन बच्ची नहीं.” मग मॅडमचा आवाज खाली आला. “मेरी बेटी भी नानी के पास बड़ी हुई. मैं हफ़्ते में एक बार देखती थी. पल जाते हैं बच्चे.”

नोकरी सोडून घरी बसायचं तर महेशच्या बेभरवशाच्या पगारात भाडं भागत नव्हतं. रेवाला घेऊन अनघाताईने कराडला जायचं तर एका पगारात दोन घरं चालवायची होती. दुसऱ्या प्लेस्कूलांत शिक्षिकेला फीमाफी होती, पण एक वर्ष नोकरी झाल्यावर. कराडला सासरे अंथरुणावर होते, सासू त्यांच्या मागे, पण जाऊ म्हणाली, माझी दोन आहेत त्यात तिसरी. अनघाताईने हे सगळं मला एकाच बसप्रवासात सांगितलं, गणित सोडवून दाखवावं तसं. शेवटी म्हणाली, “उत्तर एकच येतंय ना? मी दोनदा करून बघितलं.”

मीही मनात करून बघितलं. उत्तर तेच येत होतं. पण ते बोलून काय होणार होतं?

महेश रेवाला कराडला सोडायला हावड्याहून गाडीत बसला त्या दिवशी अनघाताई शाळेत होती. मुलांना तिने नेहमीसारखं गाणं म्हणून घेतलं, हातवाऱ्यांसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी बस आमच्या थांब्याशी आली. रोजचा कंडक्टर, गर्दीतून तिची पिशवी दिसली असेल किंवा सवय असेल, मोठ्याने ओरडला, “आस्ते लेडीज, कोले बाच्चा.” ड्रायव्हरने बस पूर्ण थांबवली. लोक बाजूला सरले. अनघाताई त्या मोकळ्या वाटेने रिकाम्या हातांनी खाली उतरली.

आमच्याकडे दर नव्या पालकाला सांगायचं ते अनघाताईच सांगायची, कारण तिच्याइतकं पटवून कुणाला सांगता येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मूल रडतं. दुसऱ्या आठवड्यात रडत नाही, पण विचारतं: आई कधी येणार. मग एक दिवस विचारायचं थांबतं. “तेव्हा समजायचं, रुळलं,” ती म्हणायची, आणि आयांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू यायचं.

कराडहून जाऊ व्हिडिओ कॉल लावायची. पहिले काही दिवस अनघाताई पँट्रीतून बाहेर यायची तेव्हा तिचे डोळे लाल असायचे. “रडते,” एवढंच सांगायची. मग, “आज रडली नाही. विचारत होती.” मी तेव्हा डबा उघडत असायचे, आणि उघडतच राहायचे. मार्च संपताना एका दुपारी ती फोन हातात धरून आली, समोर बसली आणि क्लिप दातांतून काढून टेबलावर ठेवली.

“शेळीला पिल्लं झालीत,” ती म्हणाली. “रेवा त्यांच्या मागे होती. जाऊबाईंनी फोन तिच्यासमोर धरला, तर म्हणाली, नंतर.”

“बिझी असेल,” मी म्हटलं.

“नाही गं.” तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. “विचारायची थांबली.”

एरवी ती कशालाही शेवटी ‘सध्या चाललंय’ जोडायची. त्या दिवशी जोडलं नाही, आणि नंतरही मी तिच्या तोंडून ते ऐकलं नाही. तिचं काम मात्र तसूभर बिघडलं नाही. रडणारी मुलं अजूनही तिच्याच कडेवर शांत व्हायची. फक्त त्यांना ती “रडून घे” म्हणेनाशी झाली. नुसतीच धरून उभी राहायची, मूल शांत झाल्यावरही, ते खाली उतरायला धडपडेपर्यंत.

आम्ही दोघी एकत्र होतो तो शेवटचा दिवस एप्रिलमधला, नव्या पालकांच्या कार्यक्रमाचा. पुढच्या सोमवारपासून तिला बेहालाच्या शाखेत पाठवणार होते. पालकांच्या तोंडी ते प्रकरण अजून होतं, आणि मॅडमना नवं वर्ष त्यावर सुरू करायचं नव्हतं. डमडमहून बेहाला म्हणजे शहराचं दुसरं टोक. ती नाही म्हणाली नव्हती.

हॉल फुगे आणि खुर्च्यांनी भरलेला होता. मॅडमनी माइकवर सांगितलं की आमच्या शाळेचं वैशिष्ट्य म्हणजे इथे वेगवेगळ्या प्रांतांच्या शिक्षिका आहेत, मुलांच्या कानावर किती भाषा पडतात बघा. मग एकेकीने आपल्या भाषेत दोन शब्द बोलायचे. बंगाली झालं, हिंदी झालं, नेपाळी झालं. मराठीसाठी मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. माझी ती सवय त्यांना माहीत होती. त्या हसल्या आणि माइक अनघाताईकडे दिला.

ती पुढे गेली. पिवळा एप्रन, केस घट्ट बांधलेले. समोर नव्या आया मुलांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिल्या रांगेतली एक लहान मुलगी आईच्या गळ्यातली साखळी तोंडात घालत होती आणि आई ती काढून घेत होती. अनघाताई त्यांच्याकडे बघत राहिली. मॅडम हळूच म्हणाल्या, “बस, वेलकम बोल दो.”

मग ती बोलली. फाटकावर रोज ज्या आवाजात बोलायची त्याच, वरच्या पट्टीतल्या, हसऱ्या आवाजात. बोलताना तिने हातही जोडले. माइकमुळे शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. आया हसून माना डोलवत होत्या, एकीने मुलाचे हात धरून त्याला टाळी वाजवायला लावली. त्या हॉलमध्ये मराठी कळणारी मी एकटी होते, आणि मी खुर्चीची कड धरून बसले होते.

“नमस्कार,” ती म्हणाली. “मला माझी मुलगी पाहिजे.”